ज्या मंत्र्याच्या धोरणामुळे रेडिओवरून सिनेमाची गाणी गायब झाली, त्याच्याच काळात विविध भारती सुरू झाली

सकाळी ‘भूले बिसरे गीत’मध्ये शमशाद बेगम. सिनेमाचं नाव असं, की तुमच्या आजोबांनीही कधी ऐकलं नसेल. थोड्या वेळाने ‘संगीत सरिता’. कुणीतरी जाणकार भीमपलासीचे आरोह-अवरोह गाऊन दाखवतात आणि लगेच ‘मेरा साया’मधलं मदन मोहन यांचं, लताबाईंनी गायलेलं त्याच रागातलं गाणं लागतं. दुपारी श्रोत्यांच्या फर्माईशी. संध्याकाळी ‘जयमाला’, म्हणजे सीमेवरच्या जवानांनी मागितलेली गाणी. रात्री ‘हवामहल’ची एखादी विनोदी नाटिका, ‘गुलदस्ता’तल्या गझला आणि दहा वाजता ‘छायागीत’. मधे ‘चित्रलोक’मध्ये नव्या सिनेमांचीही हजेरी लागते.

कार्यक्रमांच्या वेळा अधूनमधून बदलल्या, काही कार्यक्रम बंद झाले, काही नवे आले. पण कित्येक वर्षं विविध भारतीचा दिवस साधारण असाच गेलाय.

आज कुणी मित्राने अशी प्लेलिस्ट पाठवली तर आपण विचारू, बाबा रे, तुला नक्की आवडतं तरी काय? जुनं, नवं, शास्त्रीय, गझल, देशभक्ती, कव्वाली, सगळं एकाच ताटात. पण ही खिचडी चुकून झालेली नाही. ती एका भांडणातून शिजलेली आहे. आणि त्या भांडणाच्या मध्यभागी होता एक मराठी माणूस.

त्यांचं नाव बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

केसकर म्हणजे पॅरिसमध्ये शिकलेले विद्वान गृहस्थ, जुने काँग्रेसवाले आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. १९५२ साली ते नेहरूंच्या सरकारात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या खुर्चीवर होते. स्वातंत्र्यानंतर राजेरजवाडे गेले, त्यांच्यासोबत गवयांचा आश्रयही गेला. आता हा आश्रय सरकारने, म्हणजेच रेडिओने द्यायला हवा, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यासाठी त्यांनी कामही केलं. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, १९५४ पासून आकाशवाणीची संगीत संमेलनं भरू लागली. ज्यांनी आयुष्यात कधी मैफल पाहिली नव्हती, अशा घरांत मोठमोठे गवई रेडिओमुळे पोहोचले. हे श्रेय केसकरांना द्यायलाच हवं.

अडचण दुसरीकडे होती. सिनेमाची गाणी सवंग होत चालली आहेत, त्यात पाश्चात्त्य वाद्यं आणि चाली घुसल्या आहेत, असं त्यांना वाटायचं. मग आकाशवाणीवर सिनेसंगीताला दहा टक्क्यांची मर्यादा आली. जी गाणी लागतील ती आधी तपासली जाऊ लागली. आणि वर आणखी एक नियम: गाणं लावताना गायकाचं नाव सांगायचं, सिनेमाचं नाव सांगायचं नाही. कारण काय, तर सिनेमाचं नाव घेतलं की त्याची फुकट जाहिरात होते.

निर्माते यावर भडकले. गाणी आमची, नाव मात्र घ्यायचं नाही, हे कसं चालेल? त्यांनी आकाशवाणीला दिलेली गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. झालं. देशातल्या सगळ्यात मोठ्या रेडिओवरून देशातली सगळ्यात लोकप्रिय गाणी जवळपास गायब झाली.

लोकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला.

काटा जाऊन थांबला श्रीलंकेवर, म्हणजे तेव्हाच्या सिलोनवर. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्यासाठी तिथे एक ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसवलेला होता. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, ट्रान्समीटर राहिला. त्याचा आवाज अख्ख्या भारतात पोहोचायचा. रेडिओ सिलोनने त्यावर व्यापारी सेवा चालवली आणि हिंदी सिनेमाची गाणी लावायला सुरुवात केली. जाहिराती भारतीय बाजारासाठीच्या, श्रोते भारतीय, कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचे मुंबईत, त्याच्या टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून ते पुन्हा भारतातच ऐकू यायचे.

१९५२ च्या डिसेंबरमध्ये या सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका टूथपेस्ट कंपनीने पुरस्कृत केलेला कार्यक्रम आणि निवेदक तेव्हा विशीत असलेले अमीन सयानी. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बुधवारी रात्री आठ वाजता गल्लीत एकच आवाज असायचा. त्या काळी एक विनोद सांगितला जायचा: दहा घरांत रेडिओ असतील, तर नऊ घरांत सिलोन लागलेलं असतं आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला असतो.

सरकारसाठी हा विनोद नव्हता. ज्याच्यासाठी लोक पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरत होते, त्या रेडिओवर ते शेजारच्या देशाचं स्टेशन ऐकत होते. शास्त्रीय संगीताची गोडी लावायची तर आधी माणूस तुमचं स्टेशन लावायला तर हवा.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने नवी सेवा सुरू केली. नाव ‘विविध भारती’, ओळख ‘पंचरंगी कार्यक्रम’. मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवरून ती देशभर पोहोचली. मंत्री अर्थातच केसकरच.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ही सेवा उभी करण्याचं काम दिलं गेलं पंडित नरेंद्र शर्मांकडे. ते हिंदीतले मान्यवर कवी होते आणि बॉम्बे टॉकीजच्या सिनेमांचे गीतकारही. पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारत’लाही त्यांचं मार्गदर्शन होतं. म्हणजे सरकारला चालेल असा साहित्यिक आणि सिनेमावाल्यांना आपला वाटेल असा माणूस, दोन्ही एकात.

उद्घाटनाला जे गाणं वाजलं, तेही मोठं बोलकं आहे. शब्द नरेंद्र शर्मांचे, चाल अनिल विश्वास यांची, आवाज मन्ना डे यांचा. तिघंही सिनेमातले. पण गाणं सिनेमातलं नाही. ते खास रेडिओसाठी बनवलेलं होतं. ज्या स्टेशनचा जन्मच सिनेमाच्या गाण्यांसाठी झाला, त्याची सुरुवात बिगरफिल्मी गाण्याने झाली. मंत्र्यांचाही मान राहिला आणि लोकांना हवा तो आवाजही मिळाला. विविध भारतीची सगळी रचना पुढे याच तडजोडीवर उभी राहिली.

म्हणजे कशी?

विविध भारती ‘शफल’ करत नाही. बेगम अख्तर संपल्या की बप्पी लाहिरी, असला प्रकार तिथे सहसा होत नाही. तिथे प्रत्येक कार्यक्रमाला स्वतःची चौकट असते आणि त्या चौकटीत तो फार कडक असतो. ‘भूले बिसरे गीत’चा प्रश्न असतो, हे गाणं किती जुनं? ‘संगीत सरिता’चा, हे कोणत्या रागात? ‘त्रिवेणी’ एखादा विचार घेते आणि त्याच्याभोवती तीन गाणी गुंफते. ‘एक ही फिल्म से’चं नावच पुरेसं आहे. ‘जयमाला’त प्रश्न असतो, गाणं मागितलं कुणी? शनिवारच्या विशेष जयमालेत एखादा सिनेकलाकार जवानांशी गप्पा मारत स्वतःच्या पसंतीची गाणी लावतो. ‘छायागीत’मध्ये तर निवेदक स्वतःच गाणी निवडतो आणि त्यांच्या मधलं बोलणंही स्वतः लिहितो. त्यामुळे जुन्या श्रोत्यांना आज छायागीत कुणाचं आहे हे पहिल्या दोन गाण्यांतच कळायचं.

विविधता एका तासात नाही, दिवसभरात आहे. तुम्ही भजन ऐकायला लावलेला रेडिओ बंद करायचा राहिला, तर दहा मिनिटांत तुमच्या कानावर राग पडणार. गाणी ऐकत भाजी चिरणाऱ्या बाईला ‘हवामहल’ची नाटिका ऐकावी लागणार आणि मग ती आवडणार. माणसाला त्याने न मागितलेलं ऐकवायचं, पण त्याला पळवून लावायचं नाही, हे कसब त्यात आहे. केसकरांना जे आदेशाने करायचं होतं, ते विविध भारतीने वेळापत्रकाने केलं. एका अस्सल सिनेमावेड्या माणसाला शास्त्रीय संगीताकडे वळवण्यात ‘संगीत सरिता’चा हात दहा संमेलनांपेक्षा मोठा असेल, असं माझं मत आहे.

दुसरी बाजू श्रोत्यांच्या पत्रांची. फर्माईशीच्या कार्यक्रमांत गाण्याआधी नावांची लांबलचक यादी वाचली जायची आणि त्यात एक गाव हमखास असायचं, झुमरी तलैया. इतकं हमखास, की असं गाव खरंच नसेल, कुणीतरी गंमत म्हणून नाव लिहितंय, असं लोकांना वाटायचं. गाव खरं आहे. झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यातलं, अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध. तिथल्या मंडळींमध्ये कुणाची जास्त पत्रं लागतात याची चक्क चुरस होती. एका पोस्टकार्डाच्या किमतीत अख्ख्या देशाला आपलं नाव आणि आपल्या गावाचं नाव ऐकवता येतं, हे सुख तेव्हा दुसरीकडे कुठे मिळणार?

मराठीपुरतं बोलायचं तर हाच प्रकार आकाशवाणीच्या मुंबई-पुणे केंद्रांवर ‘आपली आवड’मध्ये चालायचा. नाट्यगीत, अभंग, कोळीगीत, लावणी, सिनेमातलं गाणं आणि भावगीत, सगळं एका तासात. आणि इथे केसकरांच्या धोरणाचा एक अनपेक्षित फायदा दिसतो. सिनेमाच्या गाण्यांना पर्याय हवा म्हणून त्या काळात आकाशवाणीने केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताला बळ दिलं. कवींकडून गाणी लिहून घ्यायची, संगीतकारांकडून चाली बांधून घ्यायच्या आणि थेट रेडिओवर सादर करायच्या. हिंदीत हा पर्याय सिनेमापुढे फार टिकला नाही. मराठीत मात्र टिकला.

कारण मराठीत जमीन आधीच नांगरलेली होती. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांनी भावगीत घराघरात नेलं होतं. त्यावर आकाशवाणीचं पाणी पडलं. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी ५६ गाणी. त्यामागे कुठलाही सिनेमा नव्हता, होतं फक्त एक रेडिओ केंद्र. १९६२ मध्ये मुंबई केंद्रासाठी श्रीनिवास खळ्यांनी पाडगावकरांच्या कवितेला चाल दिली, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी ती गायली आणि ‘शुक्रतारा’ जन्माला आला. मराठी माणूस आजही लग्नात आणि सहलीच्या बसमध्ये जी गाणी म्हणतो, त्यातली कितीतरी कुठल्याच पडद्यावर नव्हती. ती रेडिओच्या स्टुडिओत तयार झाली.

आता या गोष्टीची काळी बाजू. ज्याच्या हातात यादी, त्याच्या हातात पेन्सिलही असते आणि खोडरबरही.

१९७६, आणीबाणी. सरकारी कार्यक्रमांच्या प्रचारासाठी किशोर कुमारांनी सहकार्य करायला नकार दिला. विद्याचरण शुक्ल तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. किशोर कुमारांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. तेव्हा खासगी रेडिओ नव्हता, खासगी टीव्ही नव्हता. देशातला सगळ्यात लोकप्रिय गायक एका निर्णयाने गप्प झाला. आणीबाणीनंतर शाह आयोगासमोर हे प्रकरण आलं आणि अधिकृत नोंदीत गेलं. म्हणून ‘काय सुंदर होता तो सरकारी रेडिओ’ असा गळा काढणाऱ्यांनी हा प्रसंगही लक्षात ठेवलेला बरा.

दरम्यान १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या, त्याही मुंबई, पुणे आणि नागपूरपासून. ज्या आकाशवाणीला सिनेमाचं नाव घेणं म्हणजे फुकट जाहिरात वाटायची, तिच्यावर निर्माते पैसे मोजून पंधरा-पंधरा मिनिटांचे सिनेमाचे प्रायोजित कार्यक्रम लावू लागले. ‘गीतमाला’सुद्धा १९८९ मध्ये सिलोन सोडून विविध भारतीवर आली. काट्याने एक चक्कर पूर्ण मारली.

मग २००१ पासून खासगी एफएम आले. सरकारी कचेरीचा वास गेला, निवेदकांच्या बोलण्यात मजा आली. पण एक तक्रार तुम्हीही केली असेल: चॅनेल बदललं तरी गाणं तेच का?

याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. १९५० च्या सुमारास ओमाहा शहरातल्या एका स्टेशनचे मालक टॉड स्टॉर्झ यांच्या लक्षात आलं, की हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये शेकडो गाणी असली तरी लोक नाणी टाकून तीच ठरावीक गाणी लावतात. दंतकथा अशी सांगतात, की दिवसभर ते एकच गाणं ऐकून कान किटलेल्या वेट्रेसनेही संध्याकाळी स्वतःचं नाणं टाकून तेच लावलं. स्टॉर्झ यांनी यातून ‘टॉप ४०’ पद्धतीला आकार दिला: थोडी गाणी घ्या, पुन्हा पुन्हा वाजवा.

आजचा व्यापारी एफएम त्याच तत्त्वावर चालतो, फक्त हिशेब सॉफ्टवेअर करतं. गाण्यांचे गट पाडलेले असतात. आत्ताची हिट गाणी दर काही तासांनी परत येतात, जरा जुनी झालेली कमी वेळा, आणि ‘रेट्रो’ची मोजकीच. तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं: इथे हिट, इथे जाहिरात, इथे निवेदक. गाणी निवडताना लोकांना सात-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवून विचारलं जातं, ओळखलंत का, आवडलं का, कंटाळा आला का?

यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिसरा. स्टेशनला भीती असते ती तुम्ही चॅनेल बदलण्याची, कारण जाहिरातदार तुमच्या कानांचे पैसे देतो. त्यामुळे शंभरातल्या दहा जणांना वेड लावेल आणि चाळीस जणांना नकोसं होईल असं गाणं बाद. कुणालाच फारसं न खटकणारं गाणं पास. सैगल याच परीक्षेत नापास होतो, ठुमरी होते, शाहीर साबळ्यांचा पोवाडाही होतो. कुणी बंदी घातलेली नसते. कुणाचा द्वेषही नसतो. लिलावात लायसन्ससाठी मोजलेले पैसे वसूल करायचे असतात, इतकंच. केसकर निदान समोर दिसत तरी होते, त्यांना शिव्या घालता यायच्या.

ॲपवर तर सगळंच आहे, मग प्रश्न कुठे उरतो, असं वाटू शकतं. ॲपवर जे शोधाल ते मिळतं हे खरंच. पण ज्याचं नाव माहीत नाही ते शोधणार कसं? ‘तुम्हाला हेही आवडेल’ हा सल्ला तुम्ही आधी काय ऐकलंत यावरून येतो. अरिजित ऐकणाऱ्याला अरिजितसारखंच दुसरं मिळतं, जोहराबाई अंबालेवाली मिळण्याची शक्यता फार कमी. आणि जे कुणी ऐकतच नाही, ते जपायला, डिजिटल करायला, हक्कांचे कागद शोधायला कुणी पैसे घालत नाही.

हे नुकसान कल्पनेतलं नाही. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, साल १९३१. त्याची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही आणि त्यातल्या गाण्यांच्या तबकड्या तेव्हा निघाल्याच नव्हत्या. त्यामुळे हिंदी सिनेमातल्या सगळ्यात पहिल्या गाण्यांचा मूळ आवाज आज कुणालाच ऐकता येत नाही. पुढच्या काळातल्या अनेक सिनेमांचं उलट झालं, रीळ गेली पण तीन-सव्वातीन मिनिटांच्या ७८ आरपीएम तबकडीवर गाणी राहिली. त्या तबकड्या संग्राहकांच्या कपाटांत आणि रेडिओ केंद्रांच्या लायब्ररीत होत्या. ‘भूले बिसरे गीत’ किंवा सिलोनवरचा जुन्या गाण्यांचा सकाळचा कार्यक्रम, जो कित्येक वर्षं रोज सैगलच्याच गाण्याने संपायचा, त्यांच्यामुळे ती गाणी नुसती साठवलेली राहिली नाहीत, वाजत राहिली. ऐकणाऱ्याला ती आठवली, त्याने पत्र लिहिलं, ती पुन्हा लागली.

विविध भारतीतही सगळं आलबेल नाही. फर्माईशीत ठरावीक गाण्यांचं दळण पुष्कळ होतं, देशव्यापी सेवेत हिंदीशिवाय इतर भाषांच्या वाट्याला फार थोडं येतं आणि नव्या संगीताशी तिचं नातं कायम जरा अवघडलेलं असतं. तरी मुंबईत बोरिवलीहून निघणारं हे प्रसारण आज एफएमवर, डीटीएचवर आणि प्रसार भारतीच्या ‘न्यूजऑनएअर’ ॲपवर ऐकता येतं, म्हणजे दुबई किंवा न्यू जर्सीत बसूनही. पोस्टकार्डांची जागा बरीचशी फोनने आणि ईमेलने घेतली आहे. ‘हॅलो फर्माईश’मध्ये तर श्रोता थेट फोनवर असतो. निवेदक आधी गाव विचारतो, मग घरी काय काम करता, पाऊसपाणी कसं आहे ते विचारतो आणि मग गाणं विचारतो.